शेंडेनक्षत्र अजून गेलेलं नाही

अहो,

भात चुलीवर आहे, तेवढा उतरवा. दुर्बीण ट्रंकेत शोधू नका, ती माझ्याकडे आहे.

तुमच्या आई म्हणतात, शेंडेनक्षत्र गेलं, आता उद्याच्या आगबोटीनं मुंबईला जाऊन जहाजावर चढायला हरकत नाही. ते गेलेलं नाही. रोज तिन्हीसांजेला मी विहिरीपाशी उभी राहून दुर्बिणीतून बघते. माडांच्या वर पिंजलेल्या कापसासारखं दिसत होतं. काल मात्र धड दिसेना, म्हणून आत्माराममास्तरांकडे चालले आहे. त्यांनी परसात मोठी दुर्बीण उभी केली आहे. वन्सं सोबत आहेत.

मागच्या खेपेहून तुम्ही आलात, तेव्हा आपला लवू तुम्हाला बघून माझ्यामागे लपला होता.

आठवड्याभरात पावसाळ्यासाठी बोटी बंद होतील. तोवर ते दिसत राहिलं की झालं. शेंडेनक्षत्र दिसतंय तोवर घरातल्या पुरुषानं दर्यावर जायचं नाही, हे तुमच्या आईंनीच सांगितलंय. कोणाच्या डोळ्यांना दिसतंय तोवर, ते काही त्या बोलल्या नव्हत्या.

वळकटी बांधली असेल तर सोडा.