लोहपंखाचे एकशे बारा अंक

सोमवार, ४ मार्च

मोजली! अण्णा केस कापायला गेले होते, तेवढ्यात टेप घेऊन त्यांची खोली मोजून टाकली. अकरा बाय नऊ. खिडकीखाली माझं टेबल, उजेड डावीकडून, प्लास्टरच्या गोण्या दाराआड, पॉलिशचं मशीन कोपऱ्यात. सगळं बसतंय! सात वर्षं जेवणाच्या टेबलावर लोकांच्या कवळ्या बनवतेय. मागच्या आठवड्यात नवऱ्याला साखरेच्या डब्यात दाढ सापडली. दोन दिवस बिनसाखरेचा चहा पीत होता.

एकतीस तारखेला ताई येणार आणि अण्णांना घेऊन जाणार. अण्णांना वाटतंय, लेकीनेच बोलावलं. खरं म्हणजे नणंदेच्या कानात मीच घातलं — "तुमच्याकडे अण्णांना जरा मोकळं वाटेल हो." सासरे वाईट नाहीत. बोलत नाहीत, एवढंच. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून खिडकी आणि ते. पण मला खोली हवी आहे. इथे लिहायला कुणाची चोरी?

त्यांच्या पलंगाखाली तीन खोकी निघाली. 'लोहपंख', अंक एक ते एकशे बारा. नवरा ओरडला, "हात लावू नकोस, माझं बालपण आहे ते!" आठ वर्षांत त्या बालपणावरची धूळ झटकली नाही या माणसाने. मी आयुष्यात कॉमिक वाचलेलं नाही. बाबा म्हणायचे, चित्रांची पुस्तकं वाचून डोकं बिघडतं. पहिला अंक घेतलाय. बघू तरी काय एवढं.

मंगळवार, ५ मार्च

नऊ अंक वाचले. नऊ!! डॉक्टरबाईंनी सांगितलेली खालची कवळी तशीच मेणात पडून आहे.

लोहपंख दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी लोखंडी पंख लावून उडतो. पंख करून दिले त्याच्या वेल्डर मित्राने. वेल्डरला उंचीची भीती वाटते, त्यामुळे तो जमिनीवरूनच शिव्या घालतो. मला वेल्डर फार आवडला. मला कुणी सांगितलं का नाही इतकी वर्षं!

गुरुवार, ७ मार्च

हे काय चाललंय? चौदाव्या अंकात वेल्डर मेला. मी भांडी तशीच टाकून रडले. सतराव्यात साहेब हजर! बोलण्याच्या फुग्यात लिहिलंय — "मी तो नव्हे, मी त्याचा जुळा भाऊ!" एकविसाव्यात पंख मोडलेला, बाविसाव्यात धडधाकट. तेविसाव्यात पोलीसप्रमुखाचाही जुळा भाऊ. गावात सुईण होती की झेरॉक्सचं मशीन?

नवऱ्याला विचारलं. "आम्ही असंच वाचायचो," म्हणे. "मजा यायची." बावीस मजल्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतो हा माणूस. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून एकदम अकराव्यावर गेली तर चालेल का? तेव्हा मात्र वायर न् वायर तपासेल!

शनिवार, ९ मार्च

अंकांवरचे नंबर खोटे आहेत. पैज लावते. गोष्ट एका क्रमाने घडलेली आहे आणि छापली आहे भलत्याच. तोंडात बत्तीस दात असतात, त्यांची जागा ठरलेली असते, सुळ्याच्या जागी दाढ बसवली तर माणूस जेवेल का? तसंच आहे हे.

फ्रिजवर तक्ता लावला. लोहपंखाच्या कपाळावर खोक असलेले अंक एकीकडे, नसलेले दुसरीकडे. दुकानाची पाटी हिरवी की लाल. वेल्डरला मिशी आहे की नाही. दुपारपर्यंत मस्त जमत होतं. मग मिशीवर घोडं अडलं — त्याने ती दोनदा काढली आहे!

अण्णा पाणी प्यायला आले, तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पाणी प्यायचंच विसरले.

रविवार, १० मार्च

सापडलं!

कवळी घासताना लागणारं भिंग डोळ्याला लावलेलंच होतं. सहज अंक चौदाचं पहिलं पान त्याखाली धरलं. खालच्या चौकटीच्या रेघेवर बारीक बारीक उभ्या रेघा. चार लांब, एक आखूड. छपाईचा डाग वाटला. दुसरा अंक घेतला — दोन लांब, सहा आखूड. तिसरा, चौथा, दहावा. सगळ्यांवर आहेत! आखूड रेघा कुठेही नऊच्या वर नाहीत!!

जेवणाच्या टेबलावर अंक आपटून म्हटलं, "या रेघा कुणी काढल्या असतील?" नवरा म्हणाला, कागदाचा दोष असेल. अण्णा घास तसाच हातात धरून म्हणाले, "मी."

अण्णा! मला वाटायचं ते छापखान्यात मशीनवर होते. लग्नाला आठ वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही. ते फुग्यांतली अक्षरं लिहायचे. एकशे बारा अंकांमधलं प्रत्येक अक्षर, हाताने! काखेत कळसा आणि मी फ्रिजवर मिशा मोजतेय.

पानं परदेशातून पार्सलने यायची. जे पार्सल आधी पोहोचलं ते आधी छापायचं. मूळ नंबर पांढऱ्या रंगाने पुसायचा, असा छापखान्याच्या साहेबांचा हुकूम. "पानांची सरमिसळ नको म्हणून मी माझ्यापुरती खूण ठेवायचो," अण्णा म्हणाले. "लांब रेघ दहाची, आखूड एकाची."

"आणि जुळे भाऊ?"

इथे अण्णा चक्क लाजले. "मेलेला माणूस पुढच्या महिन्यात जिवंत आला. साहेब म्हणाले, दोन तासांत काहीतरी करा. मी जुळा भाऊ लिहिला. खपून गेला. मग साहेबांना सवयच लागली."

एकूण सात जुळे आहेत. अण्णांनी बोटांवर मोजून सांगितले. तीन वर्षांत मिळून बोलले नसतील इतकं आज बोलले.

सोमवार, ११ मार्च

सगळे अंक जमिनीवर मांडून रेघांप्रमाणे लावले. खरा पहिला अंक कोणता असावा? छापलेला अठ्ठावन्नावा! त्यात लोहपंखाला पंखच नाहीत, नुसती पाठ दुखतेय!

चार वाजता अण्णा स्वतःहून खुर्ची घेऊन आले. म्हणाले, "मीही वाचतो." मी म्हटलं, तुम्ही तर लिहिलंय सगळं! "लिहिलंय. वाचलेलं नाही. अक्षर काढताना वाचायला लागलं की अक्षर चुकतं."

म्हणजे त्यांनाही गोष्ट माहीत नाही!!

मंगळवार, १२ मार्च

अण्णांचा नियम — रोज तीनच अंक. चौथा मागितला तर हात अंकावर ठेवून बसतात. मी गयावया केली. "तीनच. पळत वाचायचं असेल तर वर्तमानपत्र वाच."

शुक्रवार, १५ मार्च

क्रमाने वाचलं की सगळं कसं खटाखट बसतं! खोक कशी पडली ते कळलं. पाटी लाल का केली ते कळलं — हिरवा रंग संपला होता, बस्स! मी मोठ्याने वाचते. जिथे अण्णांनी साहेबांच्या हुकमाने थाप मारली आहे तिथे ते बोट ठेवतात. "हे सोड. इथे मूळ वाक्य वेगळं होतं." डोळे मिटतात आणि सांगतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं वाक्य! मी चिठ्ठीवर लिहून पानात ठेवते. माझं अक्षर बघून म्हणाले, "कवळ्या चांगल्या करतेस ना? मग असू दे."

बुधवार, २० मार्च

वेल्डरने दुसऱ्यांदा मिशी काढली. कारण वाचून अण्णा इतके हसले की त्यांची कवळी टेबलावर पडली. मीच केलेली. उचलून नीट बघितली मी. जरा सैल झालीय, घासून देते म्हटलं. "राहू दे. हसल्याचा पुरावा आहे," म्हणाले.

कवळ्यांचं काम साचलंय. दोन डॉक्टरांचे फोन येऊन गेले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं तर त्यावरच भरतं, तेव्हा उद्यापासून पहाटे उठून साचे ओतायचे. संध्याकाळचे चार ते सहा मात्र कुणाला देणार नाही.

रविवार, २४ मार्च

वेल्डर गेला. खऱ्या क्रमात एक्केचाळिसावा.

चौदावा म्हणून वाचला होता तेव्हा मित्र मेला म्हणून रडले होते. आज कळलं तो कसा मेला — उंचीला घाबरणारा माणूस स्वतः पंख लावून उडाला! एकदाच! तो घाबरतो हे चाळीस अंक वाचत आलो होतो म्हणून तर... अण्णांनी टेबलावर हात आपटला. "आणि मी याचा जुळा भाऊ केला! गाढव आहे मी!" डोळे पुसत होते. मीही. नवरा दारात उभा, आम्हा दोघांना असं बघून त्याला वाटलं कुणीतरी खरंच गेलं. त्याला बसवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचून दाखवला. तोही रडला. बालपणी नव्हता रडला!

संध्याकाळी हिशेब केला. सत्तर उरले. दिवस सहा. रोज तीन. जमतच नाही.

मंगळवार, २६ मार्च

अण्णांना म्हटलं, रोज दहा वाचू, म्हणजे ताईकडे जायच्या आत बरेच होतील. "तीनच." खोकी बरोबर न्या म्हटलं. "तिथे वाचणार कोण? तिच्याकडे सगळे ऑफिसला." एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर वाटत राहिलं, यांना माहीत आहे.

गुरुवार, २८ मार्च

नवरा प्लायवूड घेऊन आला. माझ्या टेबलासाठी. खूश होता बिचारा, अकरा बाय नऊ पाठ करून गेला होता. मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो प्लायवूड घेऊन जिन्यातच उभा राहिला. अण्णांनी आतून हाक मारली, "अरे, आत आण ते. ओलं होईल." बाहेर पाऊस नव्हता.

मला खोली नको. म्हणजे हवी आहे. पण अण्णा नसलेली नको! हे आता कुणाला सांगू? बोलावणं मीच पाठवलं, आता मीच कसं परत घेऊ? हाताने धोंडा पाडून घेतला पायावर.

शुक्रवार, २९ मार्च

सांगून टाकलं. पंचावन्नावा अंक संपला तेव्हा. म्हटलं, "अण्णा, ताईंनी तुम्हाला आपणहून नाही बोलावलं. मी सांगितलं होतं त्यांना. मला खोली हवी होती."

अण्णांनी पुढचा अंक माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बरं. वाच पुढे."

बरं म्हणजे काय? मी वाचलं, पण एक शब्द डोक्यात शिरला नाही. सत्तावन्नावा संपल्यावर ते उठले, खोलीत गेले, पलंगावर बॅग काढून ठेवली. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. उद्या सकाळी ताईला फोन करणार. काय म्हणायचं ते म्हणू दे मला.

शनिवार, ३० मार्च

ताईला फोन केला. एका दमात म्हटलं, उद्या येऊ नका, चूक माझी, अण्णांना मी पाठवणार नाही. ती हसायलाच लागली. "अगं वेडे, तू माझ्याशी बोललीस त्याच्या आठ दिवस आधीच अण्णांचा फोन आला होता. म्हणाले, सूनबाई जेवणाच्या टेबलावर वाकून काम करते, पाठ धरते तिची, तोंडाने कधी मागायची नाही. तूच मला बोलावून घे, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. आज सकाळी सहाला परत फोन. म्हणाले, खोली तिलाच द्यायची, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. पण मी आता येत नाही."