धवलारणीचा पाट

मी, वेणू पांडुरंग घरत, वय एक्क्याऐंशी, राहणार करंजाडे, पनवेल, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकात वा भुलावणीत न येता हे मृत्युपत्र सांगते आहे. अक्षर वकील सुशांत यांचं. माझं बोलणं ते सुधारायला बघतात, मी सुधारू देत नाही. गुडघे गेले, घसा गेला, डोकं ठिकाणावर आहे.

१. मिठागर सरकारने घेतलं त्याबदल्यात मिळालेल्या प्लॉटवरचा हा फ्लॅट मुलगा जगन याला. कपाटाची किल्ली तो दहा वर्षं शोधतोय. ती देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे आहे.

२. सोन्याची ठुशी नात भाविका हिला. सूनबाई मनिषाने रुसू नये. पाटल्या तिच्याच हातात आहेत, मी कधी परत मागितल्या नाहीत.

३. माझा शिसवी पाट आणि माझे धवले. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण पाटावर बसून धवले गाते, तेव्हा लग्न लागतं. मी पन्नास वर्षं लग्नं लावली. वकील म्हणाले, "आजी, गाणी मालमत्तेत धरत नाहीत." मी म्हटलं, "लिवा ओ. जमीन धरली होती, ती तरी कुटं रायली?"

हे दोन्ही कातकरवाडीच्या गोदूला द्यावं. का, ते सांगते.

गोदूची आई हौसा आमच्या मिठागरावर मीठ ओढायची. लग्न असलं की मांडवाबाहेर पोरीला मांडीवर घेऊन बसायची. गोदूचं लग्न ठरलं तेव्हा अक्षत घेऊन माझ्या दारात आली. "वयनी, पोरीला हळद लागतेय. धवले बोलायला या." मी अक्षत हातात घेतली नाही. म्हटलं, "उंबऱ्यावर ठेव." कोंबड्यांनी टिपली. मी गेले नाही.

आता गोदू आमच्याकडे लादी पुसायला येते, मागच्या लिफ्टने. सोसायटीत तो नियम जगननेच करून घेतला. परवा मी हळदीचा धवला घोळवत होते आणि मध्येच अडले. पुढचं काही केल्या आठवेना. गोदूने पुसता पुसता, मान वर न करता, तो शेवटापर्यंत म्हटला.

"कुटं शिकलीस गो?"

"आयेच्या मांडीवर. तुमच्या मांडवाच्या भायेर." मग फडकं पिळून म्हणाली, "माझ्या हळदीला मीच मनातल्या मनात बोलले. तुमी आल्या नाय ना."

देवा, मेल्यासारखं झालं मला.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की भाविकाच्या लग्नाचा मांडव मिठागरात उभा दिसतो. वऱ्हाड घोट्याएवढ्या पाण्यात उभं आहे, कुणाचे पाय भिजत नाहीत. पाट रिकामा तरंगतोय. हौसा बांधावर बसून ओठ हलवते. आत ये, असं म्हणायला मी तोंड उघडते, तर तोंडात नुसतं मीठ.

भाविकाच्या हळदीला गोदूला धवले गायला बसवू, असं जगनला सांगितलं, तर म्हणाला, "आये, डीजे सांगितलाय. आन् ती मांडवात बसली तर भावकी काय बोलेल?" बाबा रे, भावकी बोलेल. धवला एकालाही येत नाही.

४. वैशाखात भाविकाची हळद आहे. तोवर मी असेन-नसेन. भाविकाने स्वतः कातकरवाडीत जावं, गोदूला अक्षत द्यावी आणि माझ्या पाटावर बसून गायला बोलवावं. ती आली तर पुढच्या लिफ्टने आणावी. पाट मांडवाच्या मधोमध मांडावा, आणि जगनने तिच्या पाया पडावं.

ती म्हणाली, "उंबऱ्यावर ठेव," तर ठेवावी. समजूत घालू नये, दुसऱ्यांदा विचारू नये, मुकाट घरी यावं. पाट तरीही तिचाच. मग हळदीला डीजे लावू नये, दुसरी धवलारीण आणू नये. रिकामी जागा सगळ्यांना ऐकू येऊ दे.

हे मला वाचून दाखवलं. ऐकलं. असंच आहे.

वेणू पांडुरंग घरत (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवला, साक्षीदार:
१. कुमुद साठ्ये, शेजारी
२. डॉ. चारुदत्त ओक

करंजाडे, पनवेल
१७ जानेवारी २०२५