टेकडीवरच्या हॉस्पिटलातली जागा

प्रिय आई,

आधी 'ती. आई' लिहिलं आणि खोडलं. आठ वर्षं एका घरात राहिलो, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची तेही ठरलेलं नाही.

आज मला वॉर्ड सिस्टरची, म्हणजे अख्ख्या वॉर्डाच्या प्रमुख नर्सची, जागा मिळाली. ऑफिसमधून बाहेर आले आणि कॉरिडॉरमधल्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. दुपारची वेळ, म्हणजे फोन तुम्हीच घेणार. बरीच रिंग वाजल्यावर लक्षात आलं. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले, आई, आणि बोटांना अजून कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

ही नोकरी खरं तर तुम्ही शोधलीत. शहाऐंशी साली दादा गेले, तुम्ही एकट्या उरलात आणि साताऱ्याहून इंग्लंडला आमच्याकडे आलात. आमची मनाली तेव्हा चार वर्षांची होती. मिरजेला नर्सिंग शिकलेली मी, लग्न होऊन इथे आल्यापासून घरीच होते. एकदा तुम्ही दारात पडणारा फुकटचा पेपर पसरून लसूण सोलत होतात. सोलता सोलता थांबलात आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणालात, "हिच्या डोक्यावर तुझ्या फोटोतल्यासारखी टोपी आहे. काय लिहिलंय बघ."

नर्सेस हव्यात, असं लिहिलं होतं. टेकडीवरचं हॉस्पिटल. समुद्राकाठच्या या गावात लोक रिटायर होऊन राहायला येतात, म्हणजे म्हाताऱ्या पेशंट्सना तोटा नाही आणि नर्सेस कधी पुरत नाहीत. मी म्हटलं, मला सगळं नव्याने शिकावं लागेल, इथल्या नर्सेसच्या रजिस्टरवर नाव आणावं लागेल, आणि मनालीचं काय? तुम्ही विचारलंत, "मग मी इथे कशाला आले आहे?"

एवढंच. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर झालं.

दोन वर्षांनी तुमच्या लेकाला, विजयला, लंडनमध्ये नोकरी चालून आली. तिथल्या स्टॅनमोर भागात घरही बघून ठेवलं होतं. तिथे आपली माणसं आहेत, गणपती असतो, आईला बोलायला कुणीतरी मिळेल, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला मात्र नुकतीच कायमची पोस्ट मिळाली होती. माझ्याऐवजी तुम्ही बोललात. "मला इथे बरं वाटतं रे. समुद्र आहे, चक्कर मारून येते. तिचं नीट चाललंय, ते मोडू नकोस."

तुम्हाला खरंच बरं वाटतं का, हे मी विचारलं नाही. कारण उत्तर सोयीचं होतं. आणि तुम्ही तरी मला एकदा सांगायचं होतंत, आई. इतकं चांगलं खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं?

त्या बुधवारबद्दलही लिहायला हवं. स्ट्रोक येऊन तुम्हाला चार दिवस झाले होते. तुम्ही खालच्या वॉर्डात, मी वरच्या वॉर्डात ड्युटीवर. सकाळी दहाच्या सुमाराला खालून निरोप आला, लगेच ये. माझी औषधांची फेरी चालू होती. तीन पेशंट उरले होते. दुसरी नर्स ट्रॉली घ्यायला पुढे झाली होती, तरी मी तिघांना गोळ्या दिल्या, चार्टवर सह्या केल्या, ट्रॉलीला कुलूप लावलं आणि मग जिना उतरले.

तुम्ही गेला होतात.

का थांबले? रोज स्वतःला विचारते. खाली गेले नाही तोवर तुम्ही आहात, असं वाटलं असेल का?

तुम्हाला मीच आंघोळ घातली. तिथल्या मुलींनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. केस विंचरले, तुमची जांभळी साडी नेसवली. असं मी कितीतरी जणांचं केलं आहे, हातांना सगळं पाठ आहे. वाटलं होतं, तुमच्या वेळी हात तरी चुकतील. चुकले नाहीत. विजय रडला, मनाली रडली. मी सगळ्यांना चहा केला.

सोमवारी इंटरव्ह्यू झाला. पॅनेलवरच्या बाई म्हणाल्या की त्या बुधवारी मी किती शांत राहिले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी थँक यू म्हटलं. म्हणजे ही जागा मला त्या तीन पेशंटांमुळे मिळाली, आई.

आज फोन ठेवून वॉर्डवर परतले, तर एका पेशंटला भेटायला आलेली म्हातारी बाई माझ्याकडे निरखून बघत होती. काठी घेतलेली, नाव जोन. "तू आयीची मुलगी ना?" तुमचं नावच आयी आहे असं तिला वाटतं. मी सून आहे हे काही मी सांगितलं नाही.

तिच्याकडून कळलं की समुद्रावरच्या बस शेल्टरमध्ये तुम्ही दोघी रोज अकरा ते साडेबारा बसायचात. ती इंग्रजीत बोलायची, तुम्ही मराठीत. तुम्ही टेकडीकडे बोट दाखवून 'माय गर्ल' म्हणायचात. आणि सोमवारी रडायचात. दर सोमवारी. शनिवार-रविवार आम्ही सगळे घरी असायचो, सोमवारी घर पुन्हा रिकामं व्हायचं.

मग तिने विचारलं, हल्ली येत का नाही? पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो तशा आवाजात मी तिला सांगितलं. ती तिथेच खुर्चीत बसून रडली. मी टिश्यूचा डबा पुढे केला आणि तिच्याजवळ उभी राहिले.

आता ड्युट्यांचा रोटा मीच लावणार आहे. सोमवारची सकाळ मोकळी ठेवेन. अकरा वाजता शेल्टरमध्ये जोनशेजारी जाऊन बसेन. तेव्हा तरी रडू येईल का, माहीत नाही. नाही आलं तरी साडेबारापर्यंत उठणार नाही.

तुमची,
सुनंदा