दिवे घाटाचा हिरवा

रवि. २३ सप्टें. २००७
पहाटे दिवे घाट. ट्रायपॉड, टायमर, ॲपर्चर अकरा, सगळं शिस्तीत. सूर्य वर आला, खाली तळं, चहूकडे गवत, वाऱ्याचं नाव नाही. इतक्या वर्षांत अशी फ्रेम मिळाली नव्हती. आमच्या फोटोग्राफी ग्रुपच्या प्रदर्शनात प्रत्येकाचा एकच फोटो लागणार. माझा हाच. घरी येऊन शुभाला कॅमेऱ्यावर दाखवला. म्हणाली, "छान. आधी आंघोळ कर." अशी बायको.

शनि. २९
सुट्टी. सकाळभर संगणकावर. कॉन्ट्रास्ट मस्त बसला, सावल्या जरा उजळल्या. पण रंगछटेचा, म्हणजे टिंटचा, स्लायडर बिघडलाय. या टोकाचा त्या टोकाला नेला तरी फोटोत फरक एकोणीस-वीस. हडपसरला आठवडाभर लोकांच्या प्रोग्रॅममधले बग शोधायचे आणि घरी येऊन परत तेच! कंपनीला कडक तक्रार लिहायला घेतली. शु. चहा घेऊन आली. "अगं बाई! डोंगर जांभळा का केलास?"
कुठला डोंगर, म्हटलं.
कप ठेवून तिने स्वतः स्लायडर हलवला. "आता?" तसाच. "आता?" तसाच की. मग तिने उठून डोळ्यांच्या डॉ.ची वेळ घेतली. शु. अशी पटकन कामाला लागली की मला भीती वाटते.

बुध. ३ ऑक्टो.
डोळ्यांचे डॉ. ठिपक्यांची चित्रं दाखवली. शु.ला त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. जन्मापासून लाल-हिरव्यात गल्लत. औषध नाही. डॉ. म्हणाले, "इतकी वर्षं सिग्नल कसे पाळलेत?" मी म्हटलं, पुण्यात कोण पाळतं? सगळे हसलो. रिक्षात मात्र हिशोब मांडत बसलो. फिल्म होती तोवर लॅबवाले रंग नीट करून द्यायचे, म्हणून कळलं नाही. डिजिटल घेतल्यापासून रंग मीच करतोय. म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यांनी माझे जांभळे डोंगर पाहिले आणि...

गुरु. ४
शु.ला विचारलं, तुला दिसत होतं ना?
"दिसत होतं. मला वाटलं तुझी स्टाइल."
आणि मंडईतून मी कच्चे टोमॅटो आणायचो ते?
"तो आळस वाटला."
चिडलो. सांगायचं होतंस, म्हटलं. तर म्हणे, "फोटो दाखवताना तुझं तोंड कसं होतं, तू पाहिलं नाहीयेस. कसं सांगू?" कॅमेरा कपाटात टाकला. विकून टाकतो. जे दिसतच नाही त्याचे फोटो कशाला काढायचे.

रवि. ७
शु.ने अंधारातच उठवलं. "चल, घाटात."
नको म्हटलं.
"मला गाडी येत नाही, नाहीतर एकटी गेले असते. ऊठ."
गेलो. ट्रायपॉडशेजारी उभी राहून कुठलं गवत कसं हिरवं ते सांगत होती. काठाला कोथिंबिरीसारखं गर्द. चढावर पोपटी. कड्याखाली मेथी शिळी झाल्यासारखं. जरा जास्तच मंडई झाली, पण ऐकत राहिलो. बरं वाटलं. आधी बॅगेत पडून असलेलं करडं कार्ड तिच्या हातात देऊन एक फोटो काढला. त्या करड्यावरून सगळे रंग आकड्यांनी लावता येतात, डोळे लागत नाहीत. ही युक्ती वाचली होती, पण गरज कुठे वाटली होती! कार्ड वाकडं, तिचे केस तोंडावर. मला तोच फोटो फार आवडलाय.

शुक्र. १२
रविवारच्या एकाच फ्रेमचे दोन फोटो. एक कार्डावरून, आकड्यांनी केला. शु.ने पास केला. दुसरा तिच्या हट्टापायी. "आकडे बघू नकोस. तुला बरोबर वाटेल तसा कर." केला. तिने खूप वेळ पाहिला. मला वाटलं हसेल. तर डोळे पुसतेय. "तू हे बघत होतास आणि मी शेजारी उभी होते." तसं नसतं अगं, मला दिसतं ते तुला यातून दिसणार नाही, म्हणून शास्त्र समजावायला गेलो. "गप्प बस रे," म्हणाली.

शनि. १३
दोन्ही प्रिंट आल्या. उद्या सकाळी एक ग्रुपकडे द्यायचीय. टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मला दोन्ही सारख्याच. खरंच सारख्याच. आकड्यांची कुठली ते शु.ने मागे पेन्सिलीने लिहिलंय. उलटी करायला गेलो तर हात धरला. "नको ना बघूस. आवडेल ती दे."
आणि ती तुझ्या हट्टाची, जांभळी, निघाली तर? लोक हसतील.
"हसू देत. मी असेन ना तिथे."
आत गेली. मी एकटाच बसलोय. डावी उचलली, ठेवली. उजवी उचलली, मागे न बघता. दोन्ही छान आल्यात.