लढाई संपल्यावर गेलेला पाय

तात्या,

सुप्याच्या स्टँडवर तुम्ही पुण्याच्या एसटीतून उतरलात, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. तुमचा एक पाय गेलाय एवढंच आम्हाला कळलं होतं. कोणता, कुठपर्यंत, कशानं, हे काही ठाऊक नव्हतं. मी नऊ वर्षांची होते आणि पाय गेला म्हणजे नेमकं काय दिसत असेल, याचाच विचार करत मी गावापासून स्टँडपर्यंत चालत आले होते. आणि तुम्ही उतरलात ते दोन बूट घालून. दोन्ही काळे, दोन्ही पॉलिश केलेले. आईनं पदर तोंडाला लावला आणि ती रस्त्याच्या पलीकडं बघत उभी राहिली. मी मात्र तुमच्याभोवती फिरून निरखत होते. तुमच्या ते ध्यानात आलं. ट्रंक खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "वळख बरं, कोनता?" मी उजव्या बुटावर बोट ठेवलं. "चुकली," असं म्हणून तुम्ही डाव्या बुटावर काठी हाणून दाखवलीत. लाकडाचा आवाज आला. मी हसले, तुम्हीही हसलात, आणि आई आम्हा दोघांवर चिडली.

बहात्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, पण ती दिवाळीसारखी झालीच नव्हती. सबंध पावसाळा कोरडा गेलेला. सुप्यापासून आपल्या गावापर्यंत एकाही रानात हिरवं काही नव्हतं. बैलगाडी गावात शिरली तर वेशीजवळ दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रं, एवढंच. बाकी सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. आदल्या वर्षी लढाई जिंकल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा याच वेशीत साखर वाटली होती, आम्हा पोरांची फेरी निघाली होती, मी घसा बसेपर्यंत ओरडले होते. तुम्हाला मी ते गाडीत सांगितलं. तुम्ही विचारलंत, "साखर कुनी वाटली?" मी नावं सांगितली. तुम्ही नीट ऐकून घेतलंत, जणू ती साखर तुमच्या हातावर आताच पडत होती.

तुम्ही आल्यावर आठवड्याभरातच तो प्रश्न गावात फिरायला लागला. मी आईबरोबर खडीच्या ढिगापाशी बसलेली असताना पहिल्यांदा ऐकला. शेजारची काकू हातोडी थांबवून आईला म्हणाली, "लढाई तर मागल्या थंडीतच आटपली की गं. मग भावजींचा पाय उन्हाळ्यात कसा काय गेला?" तिच्या मनात वाकडं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. पण दुसऱ्या कोणी तरी त्याला उत्तर जोडलं की ट्रकखाली आला असेल, आणि तिसऱ्यानं त्यात दारू घातली. मग ते शाळेत माझ्यापर्यंत आलं. "तुझा बाप लढाईत न्हवता, लढाई संपल्यावर पडला," असं वर्गातली एक मुलगी म्हणाली. मी तिच्याशी भांडले, पण भांडताना माझ्या ध्यानात आलं की मलाही ठाऊक नाही. घरी येऊन आईला विचारलं. आई चुलीत फुंकर घालत होती. ती म्हणाली, "मला न्हाई इचारवत. तुला इचारायचं आसंल तर इचार."

मी विचारणार होते, पण त्याआधी सव्वीस जानेवारी आली. शाळेपुढच्या पटांगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर तुम्ही. दुसऱ्या खुर्चीवर शेजारच्या गावचे फौजी, ज्यांना आई पुढं फौजीभावजी म्हणायला लागली. ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते. त्यांनी सांगितलं की नदी कशी ओलांडली, पलीकडून गोळीबार कसा आला, आणि शेवटी शत्रूच्या शिपायांनी बंदुका एका ओळीत कशा आणून ठेवल्या. ते छान सांगत. टाळ्या थांबेनात. मग गुरुजी तुम्हाला म्हणाले, आता तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही काठी खुर्चीला टेकवून उभे राहिलात, आणि खरोखर दोनच वाक्यं बोललात. "मी गोळी झाडली न्हाई. लढाई झाल्यावर आमी शेतं साफ करत व्हतो." पुढं काही येईल म्हणून सगळे थांबले. आलं नाही. मागून एक आवाज आला, "शेतं साफ कराया एवढ्या लांब कशाला जायाचं? हितं काय धोंडं कमी हायेत?" सगळं पटांगण हसलं. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्हीही हसलात, पण खुर्चीवर बसताना तुमचा हात काठीवर न जाता हवेत गेला, आणि गुरुजींनी तुम्हाला धरलं. मग सगळे घाईनं उठले, कारण कामावर हजेरी लागायची होती आणि सुकडीचं कोरडं पीठ वाटायची वेळ झाली होती.

त्याच दुपारी आपण दोघं ओढ्यात पाण्याला गेलो. ओढ्याला पाणी नव्हतंच. वाळूत खड्डा खणायचा आणि त्यात वाटी वाटी पाणी झिरपायची वाट बघायची. घागर भरायला दुपार जायची. तुम्ही वाळूवर पाय पसरून बसला होतात. मी विचारलं, "तात्या, शेतं साफ करताना पाय कसा जातो?" तुम्ही म्हणालात, "घरला जा. डब्यांची झाकनं आन. आन मोडक्या छत्रीची काडी." मी पळत जाऊन आणलं. तुम्ही मला पाठ फिरवायला लावलीत आणि झाकणं वाळूत पुरलीत. वरून हात फिरवून वाळू अशी सारखी केलीत की मला कुठंही काही दिसेना.

"ही शेतं आपल्याच मानसांची," तुम्ही सांगायला लागलात. "पंजाबातली, हद्दीलगतची. तिकडनं रनगाडं येऊ नयेत म्हनून आपुनच त्यात सुरुंग पेरलं. आमच्याच पलटनीनं. लढाई झाली, सगळे घरला गेले. पर सुरुंगाला कोन सांगनार लढाई संपली म्हनून? शेतकऱ्याला तर पेरायचं हाय." मग तुम्ही मला पोटावर झोपायला सांगितलंत आणि काडी हातात दिलीत. "उबी घालायची न्हाई. तिरकी. उबी घातली की त्याच्या डोक्यावर बसती. हळू. लागलं की थांब." मी वाळूत काडी घालत सरकत होते. मला खेळ वाटत होता. पहिलं झाकण लागलं तेव्हा काडीतून हाताला जे कळलं, ते मला अजून सांगता येत नाही. आत कोणीतरी उलट ढकलल्यासारखं. एकेक करून मी झाकणं काढली, फुंकर मारून बाजूला ठेवली. ऊन पाठीवर होतं, मानेला रग लागली होती, आणि तुम्ही हे दिवसाच्या दिवस करत होतात, हे माझ्या डोक्यात शिरायला लागलं होतं. शेवटी वाळू झटकून मी उभी राहिले आणि तुमच्याकडं यायला निघाले. "झालं," मी म्हणाले.

"हलू नको," तुम्ही म्हणालात. आवाज मोठा नव्हता. मी गोठले. तुम्ही सरकत आलात, माझ्या टाचेखाली बोटं घातलीत आणि तिथलं झाकण काढून माझ्या हातात दिलंत. "आसा जातो," तुम्ही म्हणालात.

मला रडू आलं नाही. मला आणखी विचारायचं होतं. तुम्हीही सांगत गेलात. शेताचा मालक, एक म्हातारा सरदारजी, रोज सकाळी बैल घेऊन लांब रस्त्यावर येऊन बसायचा आणि संध्याकाळी विचारायचा, झालं का? तुम्हाला त्याची घाई कळायची, कारण पेरणीजोगा वाफसा गेला की काय होतं हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. पाय गेला त्या दिवशी शेत साफ झालं होतं. तुम्ही खुणेच्या पांढऱ्या पट्ट्या गुंडाळत होतात. "कुनाच्या हातनं राहिलं?" मी विचारलं. "कुनाला ठावं. माझ्या बी आसंल." "मग तुम्हाला राग नाही येत?" तुम्ही खड्ड्यात वाकून बघितलंत, दोन वाट्या पाणी घागरीत टाकलंत. "मी नसतो तर त्याचा बैल आसता," तुम्ही म्हणालात. "न्हाईतर त्याची नात. ती बी यायची रोज त्याची भाकर घिऊन. तुझ्याएवढी."

"मग हे सव्वीस जानेवारीला का नाही सांगितलं?"

"त्यांनी आईकलं नसतं. हजेरीची वेळ झाल्ती."

पुढच्या वर्षी त्या दोन खुर्च्या कोणी मांडल्या नाहीत. दुष्काळ उतरला होता, लोक रानात परत गेले होते, आणि लढाई जुनी झाली होती. फौजीभावजी एका दुपारी आपल्याकडं आले. ओसरीवर बसून त्यांनी चहा बशीत ओतला आणि तो तसाच राहू दिला. त्यांच्या दंडात गोळीचा तुकडा अजून होता. फौजींना मिळणाऱ्या जमिनीच्या अर्जासाठी ते कचेरीत गेले होते, तिथल्या कारकुनानं विचारलं होतं, कोणती लढाई? चीनची? "वैनी, नदी म्या पव्हून पार केली," ते आईला म्हणाले, जणू आईच त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हती. मग तुमच्याकडं वळले. "लोक म्हन्त्यात चार दिसाची लढाई. दुष्काळी कामावर बी त्याच्यापरीस जास्त हजेरी लागती. लढाई ल्हान, म्हनून आपुन बी ल्हानच." तुम्ही विचारलंत, "ती नदी केवढी हो? आपल्या मुळेएवढी? का गोदावरीएवढी?" ते चिडतील असं मला वाटलं. पण त्यांनी बशी उचलली, चहा प्यायले आणि अंधार पडेपर्यंत ती नदी सांगत राहिले. तिच्यातल्या पाणवनस्पती, किनाऱ्यावरची केळी, काठावर उभ्या बायका. त्यानंतर ते वरचेवर यायला लागले. मला वाटतं, त्यांना नदीविषयी विचारणारे तुम्ही एकटेच होतात.

तुम्ही पुढं सोनईकडं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालात. ट्रकवाले तुम्हाला "लंगडे मामा" म्हणत आणि तुम्ही ओ देत होतात. तुमच्या पायाबद्दल तिथं कोणी विचारलं नसावं, निदान तुम्ही तसं कधी सांगितलं नाहीत. मला नोकरी लागली, लग्न झालं, तुम्ही गेलात, आई गेली. तुमच्यावर अन्याय झाला असं मी पुष्कळ वर्षं मानत होते. भाषणांत मोठ्या लढायांची नावं घेतात, तेव्हा मी मनात तुमची लढाई त्यात बसवून बघायची, आणि ती बसायची नाही. सुरुंग काढताना गेलेल्यांची गोष्ट टाळ्या वाजवण्यासारखी नसते. तिच्यात शेवटी काहीच घडत नाही. शेतात औत जातं आणि काही होत नाही, एवढीच ती गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात मी नगरच्या काही बायकांबरोबर अमृतसरला गेले. त्या बाजारात गुंतल्या, आणि मी एक गाडी करून हद्दीच्या बाजूला निघाले. तुम्ही सुरुंग काढले ते गाव मला ठाऊक नव्हतं. तुम्ही ते सांगितलं नव्हतंत, माझंही विचारायचं राहिलं. कुठल्याशा एका गावाबाहेर गाडी थांबवली. रस्त्याकडेला खाटेवर एक म्हातारा बसला होता. माझ्या मोडक्या हिंदीत मी विचारलं, इथं लढाईनंतर सुरुंग होते का? होते, तो म्हणाला. कोणी काढले? फौजेनं. ते लोक आठवतात? त्यानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. नाही, तो म्हणाला, पण त्या साली पेरणीला फार उशीर झाला ते आठवतं. वडील रोज चिडायचे. मग त्यानं मला चहा विचारला.

पलीकडच्या शेतात एक बाई चारा कापत होती. अनवाणी होती. डोक्यावर भारा घेऊन ती बांधावरून खाली उतरली आणि सबंध रान ओलांडून सरळ आमच्याकडं आली. फोनवर कोणाशी तरी बोलत होती, हसत होती, आणि एकदाही तिनं खाली बघितलं नाही. मी तिचे पाय बघत उभी राहिले, तात्या. तुमच्यावरचा तो सगळा अन्याय त्या वेळी मला कुठं सापडेना.

म्हाताऱ्यानं तिला सांगितलं असावं की ही बाई लांबून आली आहे. तिनं मला हातानं बोलावलं, शेतात ये, हरभरा उपटून देते म्हणाली. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी गेले नाही. गुडघे दुखतात असं तिला सांगितलं आणि डांबरी रस्त्यावरच उभी राहिले. हरभरा तिनंच आणून दिला.