स्वेटर घालून बोला लागते

बाबा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र धाडणार नाई, म्हणून खरं लिहून राह्यली. माहा व्हिसा नाकारला. पण देवळीच्या विहारात तुमी माहा सत्कार ठेवलता, साऱ्या वस्तीनं हार घातलते. तोंड कसं दाखवू? दोन महिन्यांपासून मी आयर्लंडात नाई, तुमच्यापासून अर्ध्या तासावर, सिंदी मेघेच्या या खोलीत आहो. तुमचा व्हिडिओ कॉल आला का पंखा बंद करून, भर मे महिन्यात स्वेटर घालून बोला लागते.

आज तुमी खालच्या कुरियरच्या दुकानात आलते. हातात लोणच्याची बरणी होती. तिथूनच फोन लावला, "बाई, तुहा पत्ता सांग."

मी पडदा ओढला अन् तिकडचा पत्ता सांगतला. फटीतून पाह्यलं, तुमी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसत होते.

"थंडीत जपजो," म्हणाले.

वरच्या खोलीतली,
रोशनी