पावापायी गोठ्यात

धरणगाव, माघ वद्य पंचमी

ती. सौ. अक्कास,

गोठ्यातून वनाचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर, दाजींचा दमा आणि तुझ्या सासूबाईंचा खोकला ठीक असावा. पत्राला दोन महिने उशीर झाला. कारण आळस. दुसरं कारण लिहिणार होतो, पण ते शोधायचाही आळस आला.

भुसावळला मी स्टेशनातल्या खानावळीत बशा धुवत होतो. (त्याआधी मेहरूणच्या तळ्यावर नाव वल्हवायचो. ती बुडाली त्यात माझा दोष नव्हता, पण ते वेगळं.) तिथला खानसामा भिकन शिळ्या पावाचे काप अंडं-दूध-साखरेत बुडवून तुपात तळायचा नि साहेबलोक बोटं चाटायचे. त्याला म्हणतात फ्रेंच टोस. शिळं फेकायचं नाही हे आपल्या आईचंच शास्त्र. शिळ्या भाकरीचा कुस्करा ती करतेच की! म्हणून नोकरी सोडताना (खरं तर नोकरीनेच मला सोडताना) चार दिवसांचा पाव उपरण्यात बांधून घरी आणला.

आईला म्हणालो, "पावाला दूध दे." तिला ते माप वाटलं, मोजून पावशेर दिलं. यात चूक कोणाची ते तूच ठरव. अंडी शेजारच्या भिकुबाईच्या कोंबडीची, म्हणून चूल अंगणात, तीन दगडांची. पाव इतका कडक की विळी घसरली. शेवटी कुऱ्हाडीने फोडला. पहिला तुकडा जळाला, दुसरा तव्यावर विरघळला, तिसरा मात्र असा सोनेरी झाला की वासाने गल्ली थांबली. तेवढ्यात आबा शेतातून आले. "हाई काय शे?" म्हटलं, पाव. "ताडीवर फुगेल पाव! तू बाटना रे वना!" (पावाचं पीठ ताडी घालून फुगवतात, म्हणून खाणारा बाटला.)

तेव्हापासून माझं ताट बैलांशेजारी. घरच्या पंगतीत बसायचं तर गोमूत्र प्यायचं आणि 'चुकलो' म्हणायचं. गोमूत्र एक वेळ पिईन (गाय ओळखीची आहे), पण 'चुकलो' म्हणणार नाही! आज सहावा दिवस. आपला कापूस विलायतेला जाऊन धोतर होऊन येतो, ते आबा नेसतातच ना? मग गव्हाने जरा फुगून आलं तर एवढं काय बिघडलं?

तुझा (न बाटलेला)
वना

ता. क. खरं काम आता लिहितो. गेल्या साली तापात डॉक्टरने तुला दूधपाव दिला नि तू तो खाल्लास, हे दाजी मला बोलले आहेत. तेवढं आबांना कळव. त्यानंतर तू माहेरी येऊन आईच्या चुलीशी बसून गेलीस, म्हणजे घर बाटलं ते तेव्हाच; मग मी एकटाच गोठ्यात का? सासूबाई तुला हाकलतील ही भीती आहे खरी, पण इथे गोठ्यात जागा आहे.

ता. क. दुसरा. थांब, काही कळवू नकोस! दारात टांगा थांबलाय आणि त्यातून खोकत खोकत तुझ्या सासूबाईच उतरल्यात. आबांनी माझी तक्रार जावयाला लिहिली होती, ती म्हणे दाजींनी घरात मोठ्याने वाचली. आणि डॉक्टरने सासूबाईंना महिनाभर पावावर ठेवलंय, कोरडा तो घशाखाली उतरत नाही. आबा पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभे, आणि विहीणबाई ओसरीवरून विचारताहेत, "तो पाव तळनारा पोऱ्या कोठे शे?" मुलीच्या सासूला बाटली म्हणायची छाती कोणत्या बापाला आहे? आबा गोठ्याकडे बोट दाखवताहेत.

मी उठणार नाही. तवा इथेच आणा म्हणून सांगितलंय. आजची पंगत गोठ्यात बसेल. (अंड्याचं तेवढं तू बोलू नकोस.)